मखमलखोलीचे मास्तर

नोकरीच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी मला एकच प्रश्न विचारला : "घरी मांजर हाय का?"

मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेला चोवीस वर्षांचा माणूस. खिशात नेमणुकीचं पत्र, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यात सर्किटच्या आकृत्या. मी म्हटलं, "नाही."

"मग शेजाऱ्याचं धर. आधी डोक्यापासून शेपटीकडं हात फिरव. मग शेपटीपासून डोक्याकडं फिरव. काय व्हतंय ते उद्या येऊन सांग."

दुसऱ्या दिवशी मी मनगटाला आयोडीन लावून हजर झालो. मास्तर इतके प्रसन्न झाले की त्यांनी स्वतःच्या हाताने मला चहा ओतून दिला. "शिकलास," ते म्हणाले. "आता काचेजवळ जायला हरकत न्हाई."

त्या मांजरीइतकं सोपं करून ही विद्या मला पुढे कुणीही समजावली नाही. बंगळूरच्या साहेबांनी फळ्यावर बाण काढून समजावली, तेव्हा मला झोप आली होती.

आमचा कारखाना हुमनाबादच्या अलीकडे, तुरीच्या शेतांच्या मधोमध, एका पत्र्याच्या शेडमध्ये होता. मनगटी घड्याळांत आणि कॅल्क्युलेटरमध्ये जे काळे आकडे दिसतात, त्यांच्या काचा आम्ही तयार करायचो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. असलं घड्याळ हातात असलेला माणूस लग्नात नवरदेवापेक्षा जास्त भाव खायचा, आणि त्या घड्याळाची काच आमच्यासारख्या ठिकाणी तयार होते हे कुणाला सांगून पटायचं नाही. मालक बंगळूरचे. मागास भागात कारखाना काढला की सरकार सवलत देतं, म्हणून आले होते. आमचा भाग मागास असण्याचा आम्हाला झालेला तेवढाच उपयोग.

काम असं होतं. काचेवर पॉलिमरचा अगदी पातळ लेप द्यायचा, भट्टीत भाजून पक्का करायचा. मग लाकडी ठोकळ्याला मखमल गुंडाळून त्या लेपावर हात मारायचे. ठोकळ्याची एक ओढ म्हणजे एक 'हात'. एका काचेला बारा हात, सगळे एकाच दिशेने. अशा दोन काचा एकमेकींवर ठेवून मधल्या फटीत द्रवस्फटिक भरायचं. ते दिसायला गढूळ, म्हणून बायका त्याला 'ताक' म्हणायच्या. या ताकाचे कण काडीसारखे लांबट असतात. मखमल जिकडून जिकडे फिरली, तिकडे तोंड करून ते शहाण्यासारखे आडवे होतात, आणि एक टोक किंचित उचलून धरतात. वीज आली की सगळे त्याच टोकाच्या बाजूने उभे राहतात, आणि आकडा उमटतो. पण काहींनी हे टोक उचललं आणि काहींनी ते, तर वीज येताच एकमेकांच्या अंगावर उठतात. मग आकड्यावर राखाडी डाग पडतो. आपल्याकडे जेवणाच्या पंगतीतून सगळे एकदम उठल्यावर चपलांपाशी जे होतं, ते.

हे हात मारण्याचं काम जिथे चालायचं ती मखमलखोली, आणि तिचे राजे मास्तर.

मास्तर मूळचे जवळच्याच चिटगुप्पा गावचे, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं डिजिटल घड्याळ त्यांनी त्याच दिवशी उघडलं. त्यातला आठाचा आकडा त्यांना पुसट वाटला. ते घड्याळ आमच्या काचेचं आहे असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा ते चार पानी तक्रार घेऊन थेट कारखान्यात आले. तक्रार वाचून मालकांनी त्यांना नोकरीच दिली. तक्रार करणाऱ्याला गप्प करण्याचा हा उपाय मालकांना खात्रीचा वाटला असावा. मालकांचा एवढा मोठा गैरसमज त्याआधी किंवा त्यानंतर झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

एक दिशा हा मास्तरांचा धर्म झाला. चष्मा पुसायचे तो डावीकडची काच आधी की उजवीकडची, हे ठरलेलं. आणि फडकं फिरलं की उचलायचं, परत ओढायचं नाही. जेवल्यावर टेबल पुसणाऱ्या पोऱ्याने फडकं पुढे-मागे केलं की त्यांना ठसका लागायचा. गडी माणसाच्या पाठीवर थाप मारतानाही वरून खाली. "काच इसरत न्हाई," हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि "त्यातबी शेवटचा हात ती कधीच इसरत न्हाई," हे दुसरं. अकरा हात सरळ मारले आणि बारावा उलटा गेला, तर काच बारावाच लक्षात ठेवते. हे शास्त्राला धरून होतं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला मास्तर आपल्या सासुरवाडीबद्दल बोलताहेत असं वाटायचं.

वास हा दुसरा धर्म. तेलाची वाफही लेपाला बाधते, म्हणून खोबरेल लावून आलेल्या बाईला दारातून परत. मास्तर दारात उभे राहून प्रत्येकीच्या डोक्यावरून हवा हुंगायचे. पावडर नको, अत्तर नको, डब्यात लसणाची चटणी असेल तर डबा बाहेर झाडाला टांगायचा. त्या कडुनिंबाला दुपारी इतके डबे लोंबायचे की बसमधले लोक त्याला नवसाचं झाड समजून हात जोडायचे.

आणि भरती! मखमलखोलीत बाई घ्यायची तर शिक्षण विचारायचं नाही, अनुभव विचारायचा नाही. मास्तर आपल्या बायकोला घेऊन यायचे. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. अक्का बाकावर केस मोकळे सोडून बसायच्या, आणि उमेदवार बाईने ते विंचरायचे. फणी खाली आली की उचलते का, की तशीच वर ओढते, हे मास्तर समोर उकिडवे बसून बघायचे.

"हळू गं माय," अक्का ओरडायच्या. "ह्यांच्या कंपनीपायी माझं टक्कल व्हायलंय."

"बोलू नको. यंत्र बोलत नसतंय," मास्तर म्हणायचे.

"यंत्राला महिना झाला डोक्याला तेल न्हाई. सण आला, शेजारणी इचारायल्यात, घरात कोन गेलंय म्हनून!"

कलावती आली त्या दिवशी बाकीच्या तिघी आधीच नापास झाल्या होत्या, आणि अक्कांच्या डोळ्यांत पाणी होतं. कलावती पंचविशीतली, चिटगुप्प्याचीच. तिच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हा पोरींना शाळेत घालायची शपथही घेतली होती; त्यामुळे ती सातवी पास. सासरी मात्र घरात बसून. ती अक्कांच्या मागे उभी राहिली. एक बट धरली, फणी वरून खाली आणली, उचलली, पुन्हा वर नेली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मास्तरांनी वाकून बघितलं तर अक्का झोपल्या होत्या.

"हिला घ्या," मास्तर कुजबुजले. "आन् हिला उठवू नका."

कलावतीच्या काचा म्हणजे काय असतात ते सांगायला मला शब्द नाहीत, आणि मी शब्दांचा कंजूष नाही. काचांची तपासणी माझ्याकडे होती. दोन पोलरॉइडच्या, म्हणजे उजेड गाळणाऱ्या, पट्ट्यांमध्ये ताकाचा थेंब लावलेली काच धरली की तिची काच एकसारखी दिसायची, पहाटेच्या आभाळासारखी, कुठे ओरखडा नाही, कुठे ढग नाही. मास्तर ती उजेडाला धरून बघायचे आणि काही न बोलता खाली ठेवायचे. त्यांच्या दृष्टीने ही स्तुतीची परिसीमा होती.

मग बंगळूरहून पत्र आलं. आमच्याकडे ताक भरून वीज देण्याची सोय नव्हती, ते बंगळूरला व्हायचं. त्यांचं म्हणणं, काही काचा वीज लावताच डागाळतात. मास्तरांनी उलट टपाली कळवलं की बंगळूरच्या लोकांनी आधी हात धुवावेत. त्यावर मालकांनी मला तिकडे बोलावलं. मी डोळ्यांनी बघितलं : वीज नाही तोवर काच निर्मळ, वीज दिली की आकड्यावर राखाडी धब्बा. आणि काचेच्या कोपऱ्यावरचा, ती करणाऱ्या बाईच्या खुणेचा आकडा तपासला, तर प्रत्येक डागाळलेली काच कलावतीची.

मी वीज देऊन तपासायची एक छोटी पेटी घेऊन परतलो. माझ्याबरोबर मॅनेजरसाहेबही आले. साहेब कानडी, पण आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलायचे. ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "उस औरत को निकाल दो. कागद पे लिखो, काम ठीक नहीं."

कागदावर लिहायचं, ही खरी कुऱ्हाड होती. कलावतीच्या सासूने तिला कामाला पाठवलं होतं ते एका अटीवर : बोभाटा झाला की घरी. 'काम ठीक नाही' असं लिहून आलेली सून चिटगुप्प्यात पुन्हा उंबऱ्याबाहेर पडली नसती. हे मखमलखोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. कलावतीने डब्याचं फडकं घट्ट बांधलं, जणू आताच निघायचंय.

मास्तर उभे राहिले. "साहेब, हिच्या हातात खोट न्हाई. माझ्या समोर, तुमच्या समोर, हिला दहा काचा करू द्या. ही पेटी हाय, हा पोरगा हाय. बघा."

साहेबांनी होकाराची मान हलवली.

हा प्रसंग मी आजवर किमान शंभर वेळा सांगितला आहे, आणि प्रत्येक वेळी खोलीत कोण कुठे उभं होतं ते आधी सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. लांब टेबल. कलावती टेबलाच्या अलीकडे, आपल्या जागेवर. मास्तर नेहमीप्रमाणे टेबलाच्या पलीकडे, तिच्या समोर. त्यांनी सगळ्या बायकांना असंच शिकवलं होतं, समोर उभं राहून, हवेत हात फिरवून दाखवत. साहेब दाराशी. मी पेटीपाशी.

कलावतीने दहा काचा केल्या. मखमल डावीकडून उजवीकडे, उचल, पुन्हा डावीकडे. बारा हात, दहा वेळा. खोलीत फक्त सुळ्ळ, सुळ्ळ असा आवाज. काचा ओळीत मांडल्या गेल्या. मधेच, सहावी काच पुरी होताच, मास्तरांना राहवेना. ते टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला आले, तिच्या हातातला ठोकळा घेतला, आणि त्या काचेवर एक हलका, मायेचा हात फिरवला. मुलीच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

"ही बघा," ते साहेबांना म्हणाले. "अशी काच जपानातबी व्हत नसंल."

मी एकेक काच तपासायला घेतली. थेंब, वरची काच, पट्ट्या, वीज. पहिली निर्मळ. दुसरी निर्मळ. पाच झाल्या, पाचही निर्मळ. मास्तर छाती काढून उभे. सहावीला वीज दिली आणि आकड्यावर तो राखाडी धब्बा उमटला.

"देखो," साहेब म्हणाले. "सामने बैठे तो पाँच अच्छे करी. फिर हाथ थक गया, ध्यान गया. हम नहीं बैठे तो क्या करती होगी? लिखो कागद."

म्हणजे तिच्या पाच चांगल्या काचाही तिच्याच विरुद्ध साक्ष द्यायला लागल्या होत्या. चांगलं काम करता येतं आणि करत नाही!

दहा बायका जमिनीकडे बघत होत्या. कलावती जमिनीकडे बघत होती. कुणी मास्तरांकडे बघत नव्हतं, आणि इतक्या निकराने बघत नव्हतं की मास्तरांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"कामून गप बसल्याव समद्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कितवी रे ती काच?"

"सहावी, मास्तर."

मास्तरांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. मग तो हवेत फिरवला, सावकाश, स्वतःशीच. हात उजवीकडून निघाला आणि डावीकडे गेला.

मला एकदम उजाडलं. मास्तर निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. त्यांच्या हाताची सुरुवात उजवीकडे. अक्षर असो, रेघ असो, काच असो, एक दिशा म्हणजे त्यांच्या लेखी उजवीकडून डावीकडे. टेबलापलीकडे समोर उभं राहून ते हात फिरवायचे, तेव्हा बायकांना तो डावीकडून उजवीकडे गेलेला दिसायचा, आणि त्या बरोबर तसंच करायच्या. शिकवणारा आणि शिकणारी समोरासमोर होती, तोवर दोघंही बरोबर होती. आणि मी रोज बघायचो, संध्याकाळी बायका बस धरायला गेल्या की मास्तर कलावतीच्या जागेवर, तिच्या बाजूला जाऊन बसायचे, तिच्या सगळ्यांत सुंदर काचा निवडायचे, आणि प्रत्येकीवर शाबासकीचा एक हात फिरवायचे. फक्त तिच्याच काचांवर, कारण बाकीच्यांच्या त्या लायकीच्या नव्हत्या. काच शेवटचा हात कधीच विसरत नाही, हे सांगणाऱ्याचाच तो शेवटचा हात.

मास्तर ओळीत उरलेल्या चार काचांकडे वळले. मला वाटलं, आता बसतील, पाणी मागतील. त्यांनी ठोकळा उचलला, कलावतीच्या जागेवर उभे राहिले, आणि सातव्या काचेवर आपला हात फिरवला. मग आठव्या. मग नवव्या, दहाव्या. चार देखण्या काचा, आपल्या हाताने.

"आता बघ रे," ते मला म्हणाले.

मी बघितल्या. चारही डागाळल्या. मग कलावतीने अकरावी केली, तिला मास्तरांनी हात लावला नाही; ती निर्मळ निघाली.

"साहेब," मास्तर म्हणाले, "कागद लिहायचाय ना? लिहा. खोट माझ्या हाताची हाय. हिनं केलेलं मी रोज सांजच्याला इस्कटत होतो. शाबासकी म्हनून!"

साहेब गडबडले. चोर सापडला की त्याला काढायचं एवढं त्यांना ठाऊक होतं. चोराने स्वतः उभं राहून चोरी करून दाखवावी, याची तजवीज त्यांच्या नियमात नव्हती. शेवटी ते म्हणाले, "लिख के दो." मास्तरांनी लिहून दिलं. मजकूर कानडीत, सही उर्दूत, आणि मधे स्वतःला घातलेली एक शिवी मराठीत. तिला कानडीत तोड सापडली नाही असं ते मला म्हणाले. कलावतीचं नाव कागदात निर्दोष म्हणून दोनदा आलं.

साहेब गेल्यावर मास्तर तिच्याकडे वळले. "तुला दिसलं होतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस? नोकरी जायली होती तुझी!"

"तुमी शाबासकी द्यायलाव," कलावती म्हणाली, "आन् मी तुमचा हात धरू, मास्तर?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, आणि फडकं पुढे-मागे फिरवलं. हे मी तरी एकदाच पाहिलं.

बंगळूरच्या डागांची तक्रार थांबली. मास्तरांना काढावं असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण मग दारात डोकी कोण हुंगणार? पण मास्तरांना काचेचा नाद सुटेना. एका सोमवारी ते कलावतीसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला शिकीव. तुझ्या बाजूनं."

ती लाजली, हसली, नको म्हणाली. मास्तर हटले नाहीत. मग पंधरा दिवस, जेवणाच्या सुट्टीत, फुटक्या काचांवर तालीम चालली. आम्ही डबे घेऊन खिडकीतून बघायचो.

"उचला मास्तर. उलटं यायलाव."

"कुठं उलटं यायलोय?"

"बगा की. परत उजवीकडनं निघाला हात."

"हात म्हातारा हाय गं, जरा समजून घे."

"काच समजून घेत न्हाई, मास्तर. उचला."

असं बोलताना तिचा आवाज चढायचा, आणि मग त्याचाच तिला धसका बसायचा. मास्तर मात्र खाली मान घालून उचलायचे. चार हात बरोबर जायचे, पाचवा पुन्हा आपल्या जुन्या वाटेने. पंधराव्या दिवशी त्यांनी तिच्यासमोर एक काच पूर्ण केली, बारा हात, कपाळावर घाम. कलावतीने ती माझ्याकडून तपासून घेतली नाही. स्वतः पेटीशी बसली, थेंब लावला, वीज दिली, बराच वेळ बघितलं. मग काच बाजूला ठेवली.

"न्हाई मास्तर," ती म्हणाली. "न्हाई जमलं."

मास्तर ताडकन उठले आणि ऑफिसात गेले. मी मागोमाग धावलो; म्हटलं, म्हातारा राजीनामा देतो की काय. तर ते टेबलाटेबलापाशी जाऊन, कारकून, स्टोअरकीपर, बाहेरचा वॉचमन, सगळ्यांना सांगत होते : "नापास झालो! कलावतीनं नापास केलं मला!" चेहरा असा की पोराला सरकारी नोकरी लागली असावी.

"मास्तर," मी म्हटलं, "यात आनंद कसला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, ते मांजर विचारलं होतं त्या दिवशी बघितलं होतं, त्याहूनही जास्त कीव करून.

"तिनं मला पास केलं असतं ना," ते म्हणाले, "तर आजच तिला कामावरनं काढ म्हनून मीच सांगितलं असतं."